न आलेली कार्डं

"नाइंटी-फोर परसेंट, अंकल," डॉक्टर धीरज त्यागी म्हणाला आणि पेनच्या टोपणाने त्याने पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्याला हलकेच टोचलं. "चार मिलिमीटर का टुकड़ा रह गया है. नीचे के कोने में बैठा है, बैठा रहने दीजिए. सौ में से चौरानवे लोगों को इससे कभी कुछ नहीं होता. ये मैं नहीं कह रहा, खन्ना की स्टडी है. क्लासिक." आणि तो हसला. कानाशी कोणीतरी अवचित झांज वाजवावी तसं पद्माकरला झालं. आधी तो आवाज, आणि मग आवाज विरल्यावर मागे उरणारी लांबलचक पातळ कंपनं, जी नक्की कुठे संपतात ते कधीच सांगता येत नाही. शेजारी अलकनंदा मांडीवर फाइल धरून मान हलवत होती. तिला बरं वाटत होतं, हे तिच्या चपलेतल्या बोटांवरूनसुद्धा कळत होतं. गेला महिनाभर आखडलेली ती बोटं आता मोकळी झाली होती. तिची उजवी किडनी जन्मापासून सुकलेली, अक्रोडाएवढी. सगळा संसार डावीवर. त्या डावीतला मूतखडा लेझरने फोडला, तेव्हा ताप चढला, रक्तदाब कोसळला, दोन दिवस आयसीयूत काढले, आणि एवढं होऊन एक तुकडा आत राहिला. "मंडे को स्टेंट निकालना ही है," त्यागी म्हणाला. स्टेंट म्हणजे आत ठेवलेली बारीक नळी. "आप चाहें तो उसी वक़्त दुबारा अंदर जाकर टुकड़ा भी निकाल सकते हैं, मगर आंटी का पिछली बार का हाल आपने देखा. मैं तो कहूँगा छोड़ दीजिए. दो दिन हैं, घर पे सोच लीजिए." पद्माकर म्हणाला, "जी." एवढंच म्हणाला. खन्ना आणि इतर, असं त्या निबंधाचं जगात नाव होतं, आणि त्या इतरांतला पहिला इतर त्या खुर्चीत बसून, हातातली कानटोपी उलटसुलट करत, "जी" म्हणत होता.

त्यागीला हे माहीत नव्हतं, कारण पद्माकरनेच सांगितलं नव्हतं. फॉर्मवर त्याने लिहिलं होतं, निवृत्त, सरकारी नोकरी. मुलगी स्वरूपा गुरुग्रामहून फोनवर वैतागली होती: "बाबा, कमाल करता यार! अख्खी लाइफ युरॉलॉजीत काढलीत आणि आईच्या वेळी क्लार्क बनून बसणार?" पण हा त्यांच्या धंद्यातला जुना धाक. डॉक्टरच्या घरचा पेशंट म्हटलं की सर्जनचा हात बिचकतो, नेहमीचं सोडून काहीतरी जास्तीचं करायला जातो आणि नेमकं तिथेच बिनसतं. पस्तीस वर्षांत पद्माकरने हे इतक्यांदा पाहिलं होतं की बायकोला टेबलावर न्यायच्या वेळी त्याने देवाकडे एकच मागितलं, त्या मुलाला ही कोणीच न वाटो. आणि देवाने ऐकलं. अलकनंदा कोणीच नव्हती. शंभरातली एक होती. गाझियाबादच्या त्या रस्त्यावर ई-रिक्षात तिच्या शेजारी बसून जाताना धुकं इतकं खाली आलं होतं की समोरच्या ट्रकचे नुसतेच दोन तांबडे दिवे पुढे सरकत होते, आणि ती म्हणत होती, "चला, सुटले बाई. मुलगा गुणी आहे हो. मी देवाला म्हटलं होतं, पुन्हा त्या खोलीत नको. तिथे नळ्या लावल्या तेव्हा मला तुमचा चेहरासुद्धा दिसेना." तिने शाल डोक्यावरून घेतली. "तुम्ही का गप्प?" "थंडी आहे," पद्माकर म्हणाला.

थंडी तेव्हाही होती, त्र्याण्णव संपून चौऱ्याण्णव लागत होतं. पद्माकरच्या दिल्लीतल्या हॉस्पिटलात बाहेरच्या बाहेर खडा फोडणारं यंत्र नुकतं आलेलं, आणि त्याच्यासाठी एटा, मैनपुरी, दरभंगा, कुठून कुठून माणसं यायची. हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर गोधड्या घेऊन झोपायची, नंबर लागला की उठून आत यायची, खडा फोडून घ्यायची आणि त्याच दिवशी परत जायची. बऱ्याच जणांच्या पोटात बारीक तुकडे राहायचे. त्या तुकड्यांचं पुढे काय होतं हे जगात कोणालाच धड ठाऊक नव्हतं. आपण सांगू शकलो तर, असं खन्ना सर म्हणाले. विभागप्रमुख होते, मोठे सर्जन, पंजाबी मोकळेपणाने पाठीत थाप मारायचे. पण माणसं तपासणीला परत येणार कशी? ज्याला एकदा यायलाच बैल विकावा लागला, तो दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दिल्लीला कसा येईल? तेव्हा पोस्टकार्डाची कल्पना निघाली. विभागाचा पत्ता छापलेलं एक कार्ड प्रत्येकाच्या हातात द्यायचं, मागे पेशंटचा नंबर, आणि हिंदीत दोन ओळी. त्या ओळी अलकनंदाने लिहिल्या. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने आपल्या गोल, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: दर्द, बुख़ार या पेशाब में ख़ून हो तो यह कार्ड डाक में डाल दीजिए. त्याचा शिक्का करून घेतला. तीनशे अठरा कार्डांवर पद्माकरने स्वतः तो शिक्का मारला, आणि छोटी स्वरूपा ओली कार्डं एकेक करून पलंगावर वाळत घालत होती, घरभर निळ्या शाईचा वास. दोन वर्षांत एकोणीस कार्डं आली. "बाक़ी सब मज़े में हैं," खन्ना सर म्हणाले. दोनशे नव्व्याण्णव. भागाकार पद्माकरनेच केला. चौऱ्याण्णव पूर्णांक शून्य तीन. निबंधात त्याने लिहिलं, रुग्णांशी दोन वर्षं टपालाद्वारे संपर्क ठेवण्यात आला. वाक्य खोटं नव्हतं. ते लिहिताना हात थांबला होता का? आता इतक्या वर्षांनी त्याला वाटायचं की थांबला होता. पण मन असंच असतं, मागे जाऊन स्वतःचा हात थांबवून येतं.

निबंध सत्त्याण्णवात छापून आला, आणि अठ्ठ्याण्णवच्या होळीनंतर एट्याचा एक सुतार ओपीडीत आला. दोघांनी धरून आणला होता. डोळे पिवळे, अंगात कापरं, डाव्या कुशीत हात लावू देईना. खडा फोडल्याच्या वर्षापासूनच कळा येत-जात होत्या; आता तुकडा खाली सरकून मूत्रनळीत अडकला होता, किडनीत पू झाला होता, आणि हे चार महिने चाललं होतं. चार महिने! पद्माकर त्याच्यावर ओरडला. कार्ड दिलं होतं ना, टाकलं का नाहीस? त्या माणसाने सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात रेशनकार्ड होतं, देवीचा एक फोटो होता, आणि त्यांच्या मधोमध ते पोस्टकार्ड होतं, कोरं, कोपरासुद्धा न दुमडलेलं. "साहब, सरकारी काग़ज़ है," तो म्हणाला. "अस्पताल का. इसे डाल देते तो हमारे पास क्या रह जाता? गेट पे कौन घुसने देता?" आणि त्याने ते दोन्ही हातांनी पुढे केलं, प्रवेशासाठी. त्याची किडनी पद्माकरने काढली. हात धुताना त्याच्या मनात आलं की असे आणखी किती असतील, किती घरांतून ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं असेल, पत्र्याच्या पेटीत तळाशी, लग्नाच्या साडीखाली. आणि किती घरांत कार्ड राहिलं असेल पण माणूस राहिला नसेल. त्याने खन्ना सरांना सांगितलं. सर चहा पीत होते. "यार देवस्थली," ते म्हणाले, "एक आदमी से स्टडी नहीं बदलती. तू बहुत सेंटीमेंटल है. प्रोफ़ेसर बनना है कि नहीं?" पद्माकर प्रोफेसर झाला.

सुरुवातीला तिघांनी आपल्या निबंधात त्या आकड्याचा दाखला दिला, मग अकरांनी, मग चाळिसांनी. कोणी जर्मनीतून दाखला दिला, कोणी ब्राझीलमधून. दोन हजार दहाच्या सुमारास ते सगळं इंटरनेटवर आलं आणि रोज पहाटे आंघोळ, पूजा झाली की पद्माकर फोन उघडून तो आकडा बघायला लागला. बघायचा नाही असं ठरवायचा आणि बघायचा. एकूण सत्तेचाळीस निबंध होते त्याच्या नावावर. उरलेल्या सेहेचाळिसांची बेरीज त्या एकाच्या निम्मीसुद्धा भरत नव्हती. कॅथेटर घातलेल्या म्हाताऱ्या पेशंटांच्या जखमांवर त्याने सहा वर्षं काम केलं होतं, वॉर्डात रोज स्वतः फिरून, रोज स्वतःच्या हाताने नोंदी करून. तो निबंध अगदी खरा होता, आणि त्याचा दाखला आजवर चौघांनी दिला होता. त्यांतले दोघे म्हणजे तो स्वतः. कधी कधी त्याला सासऱ्यांची आठवण व्हायची. अलकनंदाचे वडील, अण्णा, मिरजेकडचे कीर्तनकार. उत्तररंगात आख्यान रंगलं की एकामागून एक दाखले द्यायचे, आणि प्रत्येक दाखल्याचं गाव, माणूस, कोणाच्या तोंडून ऐकलं, सगळं सांगायचे. तरुण पद्माकरने एकदा विचारलं होतं, एवढं कशाला सांगता, लोकांना गोष्ट हवी असते. अण्णा पगडी काढून डोकं पुसत म्हणाले होते, "जावईबापू, उद्या हाच दाखला दुसरा बुवा देईल, मग तिसरा. मुळात मी चुकलो तर तिघांच्याही तोंडी चूकच. आणि त्यांना बिचाऱ्यांना पापसुद्धा लागायचं नाही. ते माझ्या खाती." तेव्हा ते हसण्यावारी गेलं. जेवणात त्या दिवशी पुरण होतं, एवढंच लक्षात राहिलं.

निवृत्त झाल्यावर त्याने प्रयत्न केला. हे कोणाला माहीत नव्हतं, अलकनंदालाही नाही. नियतकालिकाला पत्र लिहिलं की आम्ही कार्ड न येणं म्हणजे त्रास नसणं असं धरलं होतं, ते धरायला नको होतं, तेव्हा हा आकडा वापरू नये. संपादकाचं सभ्य उत्तर आलं: मूळ नोंदी पाठवा. मूळ नोंदी हॉस्पिटलच्या तळघरात होत्या, आणि तळघरातले जुने कागद नियमाप्रमाणे केव्हाच निकालात निघाले होते. सही करायला खन्ना सर नव्हते; जाऊन नऊ वर्षं झाली होती. नोंदींशिवाय निबंध मागे घेता येणार नाही, असं संपादकाने कळवलं, पण आपलं पत्र आम्ही वाचकांच्या पत्रव्यवहारात छापू. छापलं. पत्राखाली संदर्भ म्हणून तो निबंध द्यावाच लागला, आणि दुसऱ्या आठवड्यात पद्माकरने पहाटे फोन उघडला तेव्हा दाखल्यांचा आकडा एकने वाढलेला होता. तो स्वतःच होता तो एक. मग वर्षाने कोरियातल्या कोणीतरी त्या पत्राचाही दाखला दिला. लिहिलं होतं की लेखकांनी आपल्या निष्कर्षाचा नंतरही पुनर्विचार केला आहे. बस. त्याचं म्हणणं एवढ्यात संपलं. आता दाखले सहाशे अकरा झाले होते. विहिरीत पडलेल्याने ओरडावं आणि वरच्यांनी, वा, आवाज काय लागलाय, असं म्हणावं, तसं ते.

आणि गेल्या वर्षी सत्कार. जगातल्या नामवंत संशोधकांच्या कसल्याशा यादीत त्याचं नाव आलं, स्वरूपाने ते दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, आणि संक्रांतीच्या कार्यक्रमात पहाडगंजच्या सभागृहात शाल-श्रीफळ ठरलं. त्याने नको म्हटलं तेव्हा अलकनंदाचा चेहरा इतका पडला की त्याने हो म्हटलं. शहाजीबुवा आले होते कीर्तनाला, साताऱ्याहून. कँटोन्मेंटमधली जवानांची कुटुंबं बसने आली होती, बायका लेकरं मांडीवर घेऊन पुढे सतरंजीवर, मागे खुर्च्यांवर मंत्रालयातली मंडळी. बुवांचा आवाज खणखणीत. नामाचा महिमा चालू होता आणि मध्येच त्यांनी चिपळ्या थांबवून हात पद्माकरकडे केला: "एकदा नाव घेतलं तर माणूस तरतो म्हणतात, आणि आपल्या डॉक्टरसाहेबांचं नाव जगानं पाचशे नव्वद वेळा घेतलंय हो!" टाळ्या. एका सुभेदाराच्या बायकोने तर कडेवरच्या पोराचे हात पकडून टाळ्या वाजवल्या. बुवांनी त्याच्या कपाळाला बुक्का लावला. पद्माकरला कीर्तन म्हणजे जीव की प्राण. टाळाचा पहिला ठेका ऐकला की त्याच्या अंगातला शीण उतरायचा, लहानपणी तापातसुद्धा तो आजोळच्या देवळात कीर्तनाला गेला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला वाटलं, हे लवकर संपू दे. बुक्क्याचा तो काळा, गोड वास नाकात बसला, आणि त्याच्या मागे, फार मागे, निळ्या शाईचा.

हे सगळं शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत त्याच्या आत फिरत राहिलं. सांगायचं कसं, आणि सांगून करायचं काय? आकडा खोटा, असं कळलं तर खरा कोणता? सत्तर? ऐंशी? की खरोखर चौऱ्याण्णवच? तेही शक्य होतं, हीच तर गोम होती. आकडा खोटा आहे एवढंही त्याला ठाऊक नव्हतं. त्या एकोणीस कार्डांपलीकडे तीस वर्षं नुसतं धुकं होतं. अलकनंदा बाल्कनीत वाळत घातलेल्या साड्या उलटत होती, फोनवर बारीक आवाजात कोणाचं तरी कीर्तन लावलेलं. तो जाऊन उभा राहिला. "अलका, तो मुलगा काल म्हणाला ना, चौऱ्याण्णव टक्के." "हं." "ती खन्नांची स्टडी म्हणजे आमची. कार्डांची." तिने फोन बंद केला. "अय्या, मग तर उत्तमच की! त्याला सांगितलं का नाहीत? केवढा खूश झाला असता." तेव्हा त्याने सांगितलं. सुतार सांगितला, पिशवी सांगितली, खन्ना सरांचा चहा सांगितला, पत्र सांगितलं. वाक्यं लहान लहान होत गेली. खालून सोसायटीतल्या पोरांच्या क्रिकेटचा आरडाओरडा येत होता. ती साडीची कड बोटांत धरून ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, "ते मी लिहिलं होतं." "हो." "डाल दीजिए, एवढंच लिहिलं होतं मी. नाही टाकलं तर तुम्ही बरे आहात असं धरू, हे कुठे लिहिलं होतं? ते लिहायला सांगितलं असतंत तर मी विचारलं नसतं का?" तिने साडीची कड सोडली. "अण्णा मधेच थांबून विचारायचे आठवतं?" ती म्हणाली. "कळलं का मंडळी? आणि कोणी बोललं नाही की म्हणायचे, गप्प आहात म्हणजे कळलं असं मी धरत नाही बरं का, झोपलेलाही गप्पच असतो. तुम्ही पहिल्या रांगेत बसून हसायचात." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, त्याला काहीतरी धरायला मिळालं असतं. मग ती म्हणाली, "बरं. मग आता मी काय करू? ठेवू का काढू?" "मला माहीत नाही." "अहो, तुम्हाला माहीत नाही तर कोणाला माहीत असणार?" "कोणालाच नाही, अलका. आम्ही सांगून टाकलं होतं ना. मग पुन्हा कोणी नीट बघितलंच नाही."

सोमवारी त्यागीच्या खोलीत त्याने तोंड उघडलं. आपण कोण ते सांगितलं, आणि तो मुलगा खुर्ची मागे ढकलून उठलाच. "सर! पी. बी. देवस्थली? खन्ना ऐंड अदर्स वाले?" टेबलाला वळसा घालून त्याने पायांना हात लावला. "सर, मेरी थीसिस का पहला रेफ़रेंस आप हैं. वाइवा में यही पूछा था मुझसे! और आप यहाँ चुपचाप... आंटी, आपने भी नहीं बताया!" तो दार उघडून ज्युनिअरांना बोलवायला निघाला होता, तेवढ्यात पद्माकर म्हणाला, "बैठिए. वो नंबर सही नहीं है." आणि पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सुतार जरा लहान झाला, पिशवी जरा जुनी. त्यागी ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मधल्यामध्ये कुठे ठेवावं ते त्याला कळेना, मग त्याने ते तसंच राहू दिलं. "पर सर," तो हळूच म्हणाला, "बाद में भी तो काम हुआ है. ग्यारह स्टडीज़ मिलाकर देखा है लोगों ने. वहाँ भी नब्बे के ऊपर ही आता है." "उन ग्यारह में सबसे बड़ी कौन-सी है?" त्यागीने कॉम्प्युटरकडे बघितलं. उत्तर त्याला पाठ होतं. वाइवात, तोंडी परीक्षेत, विचारलं होतं. खोलीतला हीटर घरघरत होता. "तो सर," अखेर तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज खरोखर विद्यार्थ्याचा झाला, "आप बताइए. क्या करें?" दोघंही पद्माकरकडे बघत होती, तो आणि अलकनंदा. पस्तीस वर्षं माणसं त्याच्याकडे असं बघत आली होती आणि त्याने प्रत्येकाला काही ना काही सांगितलं होतं. आता त्याने मनात देवाचं नाव घेऊन पाहिलं, तर नावसुद्धा नुसतं नाव राहिलं, त्यातून काही निघेना. आत गेलं तर पुन्हा ताप चढेल, कदाचित या वेळी उतरणारही नाही, एकच किडनी. नाही गेलं तर तो ठिपका तिथेच बसेल, किंवा एक दिवस निघेल. "मुझे नहीं पता, बेटा," तो म्हणाला.

"राहू दे," अलकनंदा मराठीत म्हणाली, मग हिंदीत त्यागीला, "रहने दो, डॉक्टर साहब. मेरे को उस कमरे में नहीं जाना." आणि पद्माकरच्या बाहीवर बोटं ठेवून, त्यालाच बरं वाटावं म्हणून: "एवढं काय तोंड करता? तुमच्या आकड्यावर नाही हो ठरवलं. मला भीती वाटते म्हणून ठरवलं." त्यागीने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि फाइल पुढे ओढली. लिहिता लिहिता थांबला, कानाची पाळी लाल झाली. "सर, एक प्रॉब्लम है. टुकड़ा छोड़ रहे हैं तो नीचे रेफ़रेंस डालना पड़ता है. इंश्योरेंस वाले बिना रेफ़रेंस के फ़ाइल लौटा देते हैं. और कुछ है नहीं सर... सब उसी पे जाता है." पद्माकर म्हणाला, "लिखिए." पेनचा आवाज झाला. उलटी असूनही त्याला ती ओळ वाचता आली. बायकोच्या कागदांत, तिच्या वयाखाली आणि वजनाखाली, खन्ना आणि इतर.

नळी निघाली. स्वरूपा रविवारी येऊन गेली, "बिल्कुल ठीक दिसतेय आई, तुम्हीच आजारी दिसता बाबा, चिल करा," म्हणाली आणि डब्यात तिळाच्या वड्या घेऊन गेली. पद्माकर दिवसातून चार वेळा अलकनंदाच्या कपाळाला हात लावायचा, पाणी किती प्यालीस विचारायचा, बाथरूममधून ती बाहेर आली की तिच्या तोंडाकडे बघायचा. दुखतंय का? नाही. जळजळ? नाही हो. खरं सांग. खरंच नाही. पहिल्या आठवड्यात ती हसून सांगायची, दुसऱ्यात वैतागून, आणि तिसऱ्यात तिने नुसती मान हलवायला सुरुवात केली. पहाटे तो फोन उघडेनासा झाला होता. देवासमोर बसायचा, पण बरं कर असं म्हणायचं धाडस होईना. एवढंच म्हणायचा, देवा, हिला ओरडायची बुद्धी दे. दुखलं की घर डोक्यावर घेऊ दे हिला. चाळीस वर्षांत ही कधी मोठ्याने कण्हली नाही, बाळंतपणात नर्स म्हणाली होती, ऐसी पेशंट नहीं देखी, तेव्हा मला किती अभिमान वाटला होता रे. तो काढून घे माझा.

त्या दुपारी धुकं उचललं आणि दहा-बारा दिवसांनी बाल्कनीत ऊन आलं. दोघं चटई टाकून मटार सोलत बसली, मध्ये पातेलं, शेजारी सालांची टोपली. शेजारच्या त्रिपाठींच्या रेडिओवर भजन लागलं होतं. अलकनंदा कसलीशी गोष्ट सांगत होती, मंडळातल्या कोणाच्या तरी सुनेची, आणि सांगता सांगता वाक्याच्या मध्येच थांबली. हातातली शेंग अर्धी उघडी. दुसरा हात कमरेकडे गेला, डाव्या बाजूला, मागे, आणि तिथे राहिला, पदर सारखा करायला जेवढा लागतो त्याहून थोडा जास्त. पद्माकरच्या बोटांतून दाणे खाली घरंगळले. तिने वर पाहिलं. तो बघतोय हे तिला दिसलं, आणि तिचा हात कमरेवरून निघून पातेल्यात आला.

"काय झालं?"

"कुठे काय?"

"दुखलं?"

"नाही," ती म्हणाली, आणि मटार सोलायला लागली, मघापेक्षा भरभर.